कटंगीच्या बाजारात पेंग्विन

लग्न होऊन मी मध्य प्रदेशातल्या कटंगीला आले तेव्हा गावात बी.एस्सी. झालेली बाई मी एकटीच होते. लोकांना याचं कौतुक कमी आणि काळजी जास्त वाटायची. विहिरीवर एखादी म्हातारी मला बादली ओढताना पाही आणि शेजारणीला विचारी, एवढं शिकून हिला पाणी भरता येतं का. मला येत होतं. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, घर शेतकऱ्याचं. छप्पन्न साली वडील नागपूरहून दीक्षा घेऊन परतले आणि ओसरीवर टेकायच्या आधीच आईला म्हणाले, पोरगी आता नागपूरलाच शिकेल. म्हणून मी शिकले. नाहीतर मी कॉलेजात पोचेपर्यंत माझ्या वयाच्या सगळ्या मैत्रिणींच्या कडेवर पोरं आली होती.

कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक विषय घेऊन वर्गापुढे बोलायचं असे. मुलांनी बेडूक, झुरळ, गांडूळ असे पटापट उचलले. आम्हा दोघी मुलींची पाळी शेवटी आली तेव्हा सरांच्या हातात दोनच विषय उरले होते. मैत्रिणीने डास घेतले. माझ्या वाट्याला आले ध्रुवांवरचे समुद्रपक्षी. सरांनी लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक काढून दिलं आणि म्हणाले, यावर आजवर कोणी बोललं नाही, त्यामुळे तुमचं चुकलं तरी कोणाला कळणार नाही.

ते पुस्तक मी नागपूरच्या चैत्रात वाचलं. खिडकीला वाळ्याची ताटी, ती वाळली की उठून पाणी मारायचं आणि पुन्हा बर्फात जायचं. चित्रात हिमवादळ चाललेलं आणि त्यावर माझ्या कपाळाचा घाम पडलेला. त्या पक्ष्यांनी मला धरूनच ठेवलं. भर हिवाळ्यात, सूर्य उगवतच नाही अशा अंधारात अंडं घालणारा पक्षी कुठे असतो का? पण असतो. पेंग्विनांमधला सगळ्यांत मोठा, ज्याला सम्राट म्हणतात, तो तसंच करतो. पिल्लं उन्हाळ्यात मोठी व्हायला हवीत, समुद्र मोकळा असताना पाण्यात उतरायला हवीत, म्हणून त्याला अंडं इतकं आधी घालावं लागतं. मी वर्गापुढे पाऊण तास बोलले. सर म्हणाले, बसा आता. मग लग्न झालं, कटंगी आली, आणि ते सगळं डोक्याच्या कोपऱ्यात पडून राहिलं.

आमचे हे मोटार स्टँडवर बुकिंग क्लार्क होते. तुमसरच्या आणि बालाघाटच्या मोटारींची तिकिटं त्यांच्या खिडकीतून निघत. घरी आम्ही दोघं, सासूबाई, आणि वर्षभरात आलेली आमची मुलगी. सासूबाईंना हे माय म्हणत, म्हणून मीही माय म्हणू लागले. गावाबाहेर त्यांचा धानाचा लहानसा तुकडा होता आणि घरामागे कोंबड्या होत्या. कोंबड्यांवर त्यांचा मोठा जीव. कोणती कोंबडी खुडूक झाली, तिच्या पोटाखाली किती अंडी मावतील, हे त्या लांबून बघून सांगत. मुलगी सव्वा वर्षाची झाली तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला कोणी मिळत नव्हतं. हेडमास्तर, ज्यांना सगळे बडे गुरुजी म्हणत, ते स्वतः घरी आले आणि मायशी बोलून मला घेऊन गेले. मी शाळेत लागले. माझं ट्रेनिंग झालेलं नव्हतं, म्हणून नोकरी कच्ची होती.

त्याच हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी, बालाघाटहून सिनेमागाडी आली.

ही सरकारी गाडी वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायची. जपानी पद्धतीची भातशेती, मलेरिया, लहान कुटुंब अशी चित्रं दाखवायची. लोक तीही आवडीने पाहत, कारण दुसरं काही नव्हतं. बाजार उठायच्या सुमाराला दोन बांबूंना पांढरा पडदा बांधला गेला. माणसं पुढे, बाया एका बाजूला, आणि मागे गाड्यांना बांधलेले बैल. धान झालं, मलेरिया झाला. मग गाडीवाल्याने एक रीळ काढलं आणि सांगितलं की हे परदेशी आहे, इंग्रजीत आहे, कोणाला समजत नाही, म्हणून मी याच्यावर गाण्याची रेकॉर्ड लावत असतो. बडे गुरुजींनी विचारलं, कशाचं आहे? तो म्हणाला, काही बर्फातले बदक आहेत.

मी बायांमध्ये पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. पडद्यावर पहिलं चित्र उमटलं आणि मी नकळत उभी राहिले. बर्फाच्या मैदानातून काळ्या पाठीची, पांढऱ्या पोटाची रांग एकामागे एक डुलत चालली होती. ज्यांची मी फक्त छापील चित्रं पाहिली होती ते चालत होते. शेजारच्या बाईला मी म्हणाले, बदक नाहीत हे, पेंग्विन आहेत. तिने पुढचीला सांगितलं, पुढचीने तिच्या पुढचीला, आणि अशा तऱ्हेने ते बडे गुरुजींपर्यंत पोचलं. त्यांनी वळून पाहिलं आणि गाडीवाल्याच्या हातातला माईक काढून घेतला.

"बहनजी, इकडं या. तुम्ही सांगा."

इतक्या माणसांपुढे मी कधी बोलले नव्हते. मायने माझ्या हातून पोरीला घेतलं आणि मला पाठीवर हलकेच ढकललं. माईक हातात आला तेव्हा पहिलं वाक्य काय बोलावं तेच सुचेना. मग उन्हाळ्यात येणारा गोळेवाला आठवला. भुश्यात गुंडाळलेली बर्फाची लादी तुमसरहून मोटारीने यायची, ती सगळ्यांनी पाहिली होती. मी म्हणाले, ती लादी जशी, तशी सगळी जमीनच आहे. त्याच्यावर घर नाही, झाड नाही, गवताची काडी नाही. आणि या पाखरांना तिथेच अंडं घालायचं आहे.

त्यानंतर बोलणं आपोआप निघू लागलं, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, जसं कटंगीत सगळेच बोलत. काडीच नाही म्हणून घरटं नाही. बर्फावर अंडं ठेवलं तर क्षणात गोठेल. म्हणून मादी एकच अंडं घालते आणि लगेच नराकडे सोपवते. तो ते पायांवर घेतो आणि वरून पोटाच्या कातडीची घडी ओढतो. पडद्यावर नेमकं तेच चाललं होतं. दोघं समोरासमोर उभी राहून अंडं एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकवत होती, आणि सगळा बाजार माना उंचावून पाहत होता. एका जोडीचं अंडं घरंगळलं आणि बर्फावरच राहिलं. बायांमधून हळहळ निघाली.

"आता मादी जाते," मी सांगितलं. "समुद्रावर. पार लांब. अंड्यापायी तिचं अंग झिजलेलं असते. मासे अन् झिंगे खाऊन ती पोट भरते, पिल्लासाठी साठवते, आणि दोन महिन्यांनी परत येते."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. मी थांबले.

"तोवर नराले खायले कोन देते?"

"कोणीच नाही. उपाशी उभा राहतो."

"दोन महिने?"

"त्याच्याही आधीपासून. अंगच्या चरबीवर जगतो."

बायांच्या बाजूने हसू सुरू झालं आणि ते थांबेचना. एक जण म्हणाली, आमच्या घरच्याला जेवायला घटकाभर उशीर झाला तर पूर्ण मोहल्ल्याला कळते.

पडद्यावर वादळ सुरू झालं होतं. शेकडो नर एकमेकांना चिकटून गोल उभे होते, माना खाली. मी सांगितलं की कडेला जे असतात त्यांना वारा जास्त लागतो, म्हणून ते हळूहळू सरकत आत येतात आणि आतले बाहेर जातात. इथे कोणी मुखिया नाही, कोणी कोणाला हटकत नाही, सगळा घोळका मुंगीच्या पावलाने फिरत राहतो. तो म्हातारा म्हणाला, रात्री आम्ही अलाव पेटवून शेकतो तिथं असं झालं असतं तर बरं होतं, आमच्यातला एक जण बसला की उठतच नाही. ज्याच्याबद्दल तो बोलला तो शेजारीच होता, आणि मान खाली घालून हसत होता.

मग माद्या परतल्या. एवढ्या गर्दीत आपला नर कोणता हे डोळ्यांना कळत नाही, ती आवाजावरून ओळखते, असं मी म्हणाले आणि गाडीवाल्याला खूण केली की आता चित्राचा आवाज वाढव. त्याने भोंगा पूर्ण सोडला. शेकडो पेंग्विनांचा तुतारीसारखा कलकलाट कटंगीच्या बाजारावर आदळला. मागचे बैल दचकले, दोन गाड्या उलार झाल्या, कोणाची तरी वांग्यांची पाटी सांडली, आणि कुत्री भुंकू लागली. बैल धरायला निम्मी माणसं धावली, पण जाताना मागे वळून पडद्याकडे पाहत धावली.

पुढे चित्र बदललं. आता उन्हाळा होता आणि दुसऱ्या जातीचे, लहान पेंग्विन होते. हे गोटे जमवून घरटं करतात, म्हणजे बर्फ वितळला तरी अंडं पाण्यात बुडत नाही. चांगले गोटे कमी, म्हणून शेजाऱ्याचे चोरतात. एक जण डावीकडे पाहत असताना दुसरा उजवीकडून येऊन गोटा उचलून चालता झाला, तसा कोणी तरी ओरडला, "हा तं धुरा सरकावून राह्यला." धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरणाऱ्या शेजाऱ्यावरून कटंगीत खटले चालत, त्यामुळे हे सगळ्यात जास्त पटलं. मग स्कुआ नावाचा घारीसारखा पक्षी आला आणि त्याने एक पिल्लू उचललं. तेव्हा मायने आणि कोंबड्या पाळणाऱ्या इतर बायांनी पडद्याकडे पाहून हुसकल्यासारखे हात केले.

रीळ संपलं. गाडीवाला म्हणाला की एवढी वर्षं हे दाखवतो आहे, यात काय आहे हे मला आज कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्यांना कणी टाकता टाकता मायने मला विचारलं, मतलब, अंडं फुटून पिल्लू निघालं आणि त्याची माय आलीच नाही अजून, तं बाप काय खाऊ घालते? मी सांगितलं की त्याच्या घशातून दह्यासारखं काही निघतं, ते भरवतो, काही दिवस पुरतं. माय म्हणाल्या, उपाशी माणसाच्या पोटातून दही. आणि बराच वेळ कण्या टाकत राहिल्या.

त्यानंतर मी शाळेत आणि बाजारात पेंग्विनवाली बहनजी झाले. मला ते आवडायचं.

उन्हाळ्यात ट्रेनिंगचा हुकूम आला. जबलपूरला एक वर्ष राहायचं, ते झालं की नोकरी पक्की. मी तो वाचला आणि घडी करून ठेवून दिला, कारण पोरगी अजून दोन वर्षांची व्हायची होती. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, जायला हवं. पण ते जायला हवं म्हणाले त्यात जा म्हटल्याचा आवाज नव्हता. ह्यांच्या चुलत्यांना कळलं तसे ते मुद्दाम घरी आले. खाटेवर बसून त्यांनी शांतपणे समजावलं की बाईने लेकरू टाकून वर्षभर परगावी राहणं शोभत नाही, नोकरी कच्ची असली तरी चालून राहिली आहे ना. मी आत चुलीजवळ ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर मला ते पटतही होतं.

माय दारात सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"भाऊजी, तुम्ही सिनेमा नाही पाह्यला. तिथं नर पायावर अंडं घेऊन उभा राह्यते, उपाशी, बर्फात. आमचा पोरगा तं खुर्चीवर बसून राह्यते, अन् दोन टाइम जेवते."

चुलते म्हणाले, ते पाखरू आहे. माय म्हणाल्या, हौ, पाखरूच आहे, म्हणून तं म्हणून राह्यली. मग आत माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जाय. पन धान रोवण्याच्या दिवसांत मी वावरात राहीन. तेव्हा पोरगी त्याची."

ह्यांनी होकाराची मान हलवली. चुलत्यांनी चहा घेतला आणि साखर कमी आहे म्हणाले. त्यावर ते प्रकरण मिटलं.

जून संपताना मी जबलपूरला गेले. पहिले पंधरा दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. वर्गात बसल्या बसल्या डोळे भरून यायचे. मग हळूहळू कटंगीहून येणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून बातम्या कळू लागल्या. रोवणं सुरू झालं तसं ह्यांनी पोरीला रोज बुकिंगमध्ये न्यायला सुरुवात केली. खिडकीच्या आत एका रिकाम्या पार्सलपेटीत गोधडी घालून तिला बसवत. ती उभी राहून पेटीच्या काठाला धरी आणि येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडे पाही. ड्रायव्हर तिला स्टिअरिंगवर बसवत, भजेवाला तिला भजं देई, आणि तुमसरची मोटार सुटायच्या वेळी कंडक्टरच्या आधी तीच ओरडू लागली. तिचा पहिला स्पष्ट शब्द आई नव्हता, बाबा नव्हता, तुमसर होता. हे ऐकून मी हसले आणि मग वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन रडले, आणि मग पुन्हा हसले.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्हा शिक्षिकांना नर्मदेवर सहलीला नेलं. पात्रातल्या वाळूच्या बेटावर पांढरे-करडे, काळ्या टोपीचे पक्षी घिरट्या घालत होते. मी ओळखलं, हे सुरय. वाळूत नुसता खळगा करून त्यांनी अंडी घातली होती, आणि आमची नाव जवळ गेली तसे ते डोक्यावर झेप घेऊन ओरडू लागले. यांचाच एक चुलतभाऊ उत्तर ध्रुवाजवळ पिल्लं काढतो आणि हिवाळा आला की उडत थेट दक्षिण ध्रुवाकडे जातो, तिथला उन्हाळा गाठायला. पुढच्या वर्षी परत येतो, त्याच जागी. हे मी बरोबरच्या बायांना हिंदीत सांगितलं. त्यांनी विचारलं, इतकं लांब जाऊन त्याला आपली जागा सापडते? मी म्हणाले, सापडते. आणि नावाड्याला नाव मागे घ्यायला सांगितलं, कारण उन्हात अंडी उघडी पडली होती.

परीक्षा संपवून मी परतले तेव्हा मोटार कटंगीच्या स्टँडवर दुपारी लागली. पोरगी खिडकीजवळ एका स्टुलावर उभी होती. मी दिवाळीला येऊन गेले होते, तरी मला भीती होती की ती लपेल. ती लपली नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तिकट कुठलं? स्टँडवरचे सगळे हसले. मी म्हणाले, मी आली आहे, जात नाही. ती विचारात पडली, मग स्टुलावरून उतरली आणि माझ्या पिशवीत हात घातला. जबलपूरहून आणलेली लाकडी बाहुली तिला सापडली, आणि तेवढ्यावर आमची ओळख पुन्हा झाली.

हे वाळलेले असतील असं मला वाटलं होतं. पण ते चांगले अंगाने भरले होते, कारण लेकराला म्हणून लोक जे आणून देत त्यातलं निम्मं ह्यांच्या पोटात जाई. मायने ते मला लगेच सांगितलं. त्यांची खूपच निराशा झाल्यासारखी दिसत होती.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर आम्ही अंगणात बसलो. ह्यांनी सांगितलं की वर्षभर खिडकीवर लोक त्यांनाच पेंग्विनांबद्दल विचारत होते. बायको बहनजी, तर नवऱ्याला माहीत असणारच असं धरून. ते झोपतात कसे, पिल्लाला पोहायला कोण शिकवतं, खारं पाणी पितात का. काहींची उत्तरं त्यांनी अंदाजाने दिली होती, आणि आता ती तपासून घ्यायची होती. मी सांगत गेले. उभ्या उभ्या झोपतात. पोहायला कोणी शिकवत नाही, पिसं बदलली की पिल्लं आपली आपण पाण्यात उतरतात. खारं पाणी पितात, जास्तीचं मीठ चोचीच्या वरून गळून जातं. मीठ गळतं हे ह्यांनी चुकवलं होतं, त्यांनी सांगितलं होतं की ते बर्फच खातात. तेही खातात, मी म्हणाले, म्हणजे अर्धं बरोबर.

मग ते म्हणाले की झडीच्या दिवसांत तिरोडीकडचा एक खाणीतला माणूस मोटारीची वाट पाहत खिडकीशी उभा होता. पोरगी पेटीत झोपली होती. तिच्याकडे पाहून त्याने विचारलं होतं, मादी परत आलीच नाही तर नर काय करतो?

"मी त्याले म्हटलं, येते," हे म्हणाले. "आता खरं काय ते तू सांग."

पुस्तकात ते होतं. समुद्रात सील असतात, बर्फ फुटतो, काही माद्या परत येत नाहीत. नर थांबतो, थांबतो, आणि अंगात जेमतेम समुद्रापर्यंत जाण्याइतकं बळ उरलं की अंडं किंवा पिल्लू तिथेच सोडून निघून जातो. त्याने तसं केलं नाही तर दोघंही मरतील. मी हे जसं होतं तसं सांगितलं.

ह्यांनी बाजूला झोपलेल्या पोरीवरचा डास हाकलला. माय आत भांडी घासत होत्या, त्या राखेच्या हातांनीच दारात आल्या.

"बरं झालं," हे म्हणाले, "मले माहीत नोतं."

मग ते उठले, झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेतलं आणि आत नेलं. दुसऱ्या दिवशी पहिली मोटार पहाटेची होती, आणि पोरगी बरोबर येणारच म्हणून हटून बसली. मी घरी असूनही ती स्टँडवरच गेली.